अळीचा फोटो छापता, तसा पतंगाचाही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या पानावर फोडलेल्या बोंडाचा फोटो येतो. बोंडात गुलाबी अळी आणि खाली किती हेक्टर कापूस गेला त्याचा आकडा. बातमी खरी असते, पण ती येते तोवर आमच्या हातात करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. ही अळी ज्या पतंगाची, त्याचा फोटो मात्र मी आजवर कुठल्याच वर्तमानपत्रात ठळक पाहिलेला नाही. म्हणून हे पत्र. गुलाबी बोंडअळीचा पतंग दिसतो कसा आणि राहतो कुठे, हे कापूस लावणाऱ्या प्रत्येक घराला जुलै संपायच्या आत कळलं पाहिजे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

मी हिंगणघाट तालुक्यात शेती करते. काळी जमीन, कापसात तुरीचे तास (ओळी), थोडं सोयाबीन. सरकी टोबणं, निंदण, वेचणी ही सगळी बायांची कामं. पात्यापासून, म्हणजे कोवळ्या कळीपासून, बोंडापर्यंत कापसाच्या झाडाला सगळ्यांत जास्त हात आमचाच लागतो. तरी गावातल्या दहा जणींना विचारलं तर अळी दहाही जणी ओळखतील आणि पतंग एखादीच. यात बायांचा दोष नाही, तो त्यांना कुणी दाखवलेलाच नाही.

मी तो नीट पाहिला कामगंध सापळ्याच्या, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्याच्या पिशवीत. पिशवी सोडून पांढऱ्या कागदावर झटकली आणि भिंग लावलं. अंगाची लांबी ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याहून थोडी जास्त. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ ते २० मिलिमीटर. रंग मातकट करडा. पुढच्या निमुळत्या पंखांवर काळसर डाग आणि पुसट आडवे पट्टे असतात, पण सापळ्यात फडफडून पंखांवरची भुकटी झडली की तेही धड दिसत नाहीत. मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद आणि चंदेरी करड्या रंगाचे, त्यांच्या कडेला लांब केसांची झालर. ही झालर ओळखीची मोठी खूण आहे. तोंडाजवळून दोन बारीक सोंडी निघून वर वळलेल्या असतात. मिशीच्या अगदी बुडाशी एका ओळीत पाच-सहा ताठ केस असतात, ते भिंगाशिवाय दिसायचे नाहीत. अळी गुलाबी असली तरी पतंगात गुलाबी रंगाचा अंशही नसतो. बसला की पंख अंगालगत मिटतो आणि ढेकळावर असला तर नजरेआड होतो.

दुसऱ्या बोंडअळ्यांच्या पतंगांशी याची गल्लत होऊ नये. अमेरिकन बोंडअळीचा पतंग जाडजूड असतो, पंख पसरल्यावर याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या एका पतंगाच्या पंखावर तर हिरवा पट्टा असतो, तो पटकन कळतो. आपला हा सगळ्यांत लहान, सगळ्यांत फिका आणि सध्या सगळ्यांत महागात पडणारा.

तो दिवसा दिसत नाही. दिवसभर जमिनीच्या भेगांत, ढेकळांच्या आडोशाला, गळलेल्या पानांखाली दडून असतो. उडतो रात्री, नर-मादीची भेट होते ती बहुधा मध्यरात्र उलटल्यावर. आयुष्य जेमतेम एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते. हंगामाच्या सुरुवातीला ती पात्यांवर आणि कळ्यांवर घालते, बोंडं धरली की बोंडाच्या देठाकडच्या पाकळीखाली. अंडं अर्धा मिलिमीटरचं, घातलं तेव्हा पांढरं, पुढे नारिंगी होतं. चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. शिरलेलं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, निरोगी. धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहणाऱ्याला यंदा पीक जोरात आहे असंच वाटतं. आत ती सरकी पोखरत असते. दहा ते चौदा दिवस खाऊन मोठी झाली की बोंडाला गोल छिद्र पाडून बाहेर पडते आणि मातीत, पाचोळ्यात कोष करते. हे छिद्र आपल्याला दिसतं, पण तेव्हा ती त्या बोंडाचं काम आटोपून गेलेली असते.

अळी एकदा बोंडात गेली की फवाऱ्याचं पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही, हे म्हणूनच लक्षात घ्यायला हवं. आमच्याकडे मात्र अळी दिसली की फवारणी, पुन्हा दिसली की दोन औषधं एकत्र करून फवारणी, असं चालतं. २०१७ साली बोंडअळीने कापूस नेला आणि त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसं आमच्यासारखीच होती. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, डोक्याइतकी उंच पऱ्हाटी (कापसाची झाडं). फवारणीची योग्य वेळ कळली असती तर त्यातल्या किती फेऱ्या वाचल्या असत्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि ती वेळ सांगतो तो पतंग.

सापळ्याचं काम तेवढ्याचसाठी. मादी ज्या गंधाने नराला बोलावते तोच गंध प्रयोगशाळेत तयार करून ल्युअरमध्ये, म्हणजे सापळ्यात लावायच्या आमिषात भरतात. हा गंध शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखला, त्याला गॉसिप्ल्युअर म्हणतात. नर त्या वासावर येऊन पिशवीत पडतो. एकरी दोन सापळे, झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, पीक वाढेल तसे वर सरकवायचे. एका सापळ्यात एका रात्री आठ किंवा जास्त पतंग आणि असं सलग तीन रात्री झालं तर धोक्याची पातळी ओलांडली असं समजतात. सोबत एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहायची, दोनात अळी किंवा पोखर दिसली तर हालचाल करायची. एवढं मोजायला शाळेत फार शिकलेलं असावं लागत नाही. पण पिशवीत पडलेला कोणता जीव मोजायचा आणि कोणता सोडायचा हे कळायला तो ओळखता यायला हवा, आणि घोडं तिथंच अडतं.

आणखी एक अडचण दुकानातली. तालुक्याच्या एका कृषी केंद्रातून आमच्या शेजाऱ्याला ल्युअर मिळालं ते अमेरिकन बोंडअळीचं. सापळा शेतात टांगलेला, पिशवी रिकामी, आणि घरातले सगळे निर्धास्त की आपल्या वावरात पतंगच नाही. त्यांच्या पऱ्हाटीवर डोमकळ्या दिसू लागल्या तेव्हा ल्युअरचं पाकीट पाहिलं गेलं. प्रत्येक किडीचा गंध वेगळा असतो. दुकानदाराने विचारून द्यावं आणि घेणाऱ्याने गुलाबी बोंडअळीचं म्हणून मागून घ्यावं, एवढी साधी गोष्ट आपल्या पानावर चौकटीत छापली तरी कितीतरी सापळे कामी लागतील.

डोमकळी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. अळी फुलात शिरली की ती पाकळ्या आतून धाग्याने बांधून टाकते. फूल उमलत नाही, पाकळ्या पिळलेल्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. निंदताना आम्हाला ती सहज दिसते. तोडून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकली की आतली अळी मेली. हे काम निंदणाऱ्या बाईइतकं चांगलं कुणीच करणार नाही. मात्र मजुरी देणाऱ्याने तिला त्यासाठी वेळ द्यायला हवा. तास लवकर काढ म्हणून मागे लागलं तर ती डोमकळीकडे पाहणार कशी?

आता तो राहतो कुठे, याबद्दल. मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचं आहे.

अमेरिकन बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. भेंडी, अंबाडी, जास्वंद अशा कापसाच्या भाऊबंदांवर ती सापडते खरी, पण आपल्या भागात तिचा संसार चालतो तो कापसावर. याचे दोन अर्थ होतात. पहिला आपल्याविरुद्ध गेला. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक बियाण्यातच घातलेला कापूस, २००२ साली आला, दुहेरी जनुकाचा २००६ साली. गुलाबी अळीला खायला दुसरं नव्हतंच, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बीटीच खाऊन त्यात तगणाऱ्या अळ्यांचीच वीण वाढली. गुजरातेत पहिल्या जनुकाला ती दाद देत नाही हे २०१० साली जाहीर झालं आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही देईनाशी झाली. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची ती यासाठीच होती. त्या झाडांवर साधे पतंग वाढावेत, त्यांची तगलेल्या पतंगांशी गाठ पडावी आणि पुढची पिढी बीटीला बळी पडणारी निघावी. ती पुडी किती धुऱ्यांवर पेरली गेली आणि किती घरांत पडून राहिली, हे गावोगावी माहीत आहे. त्या पुडीचं कारण कुणी शेतकऱ्याला नीट समजावलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आता ते बियाणं पाकिटातच मिसळून येतं.

दुसरा अर्थ मात्र आपल्या बाजूचा आहे. कापूस नसेल तर या पतंगाला घर नाही. वर्षातले पाच-सहा महिने शिवारात हिरवी पऱ्हाटी नसेल तर त्याची साखळी तुटते. मग ती तुटत का नाही?

दिवस लहान व्हायला लागले, थंडी पडली की शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या कोष करत नाहीत. त्या सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत वेटोळं करून बसतात आणि महिनोन्‌महिने तशाच राहतात. कवडी, म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस हातात घेऊन त्यातली जोडसरकी नखाने उकलून पाहा, आत अळी सापडेल. मी सरकी उकलते तेव्हा लेकरांना जवळ बोलावून दाखवते. न उमललेलं वाळकं बोंड झाडाला राहतं, त्यातही ती असते. आता ही कवडी आणि ही बोंडं जातात कुठे ते बघा. बोंडं पऱ्हाटीसोबत उपटून जळणासाठी घरामागे, धुऱ्यावर, गोठ्याच्या भिंतीला रचली जातात. कवडी भाव मिळेल तेव्हा विकू म्हणून घराच्या कोपऱ्यात पडते, नाहीतर कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात ढिगात जाते. म्हणजे उन्हाळाभर हा जीव आपल्या अंगणात, आपल्या छपराखाली आणि जिनिंगच्या गोदामात सुखरूप असतो. पावसाळ्याच्या तोंडावर तिथूनच पतंग निघून वावराकडे जातात.

सरकीतून प्रवास करायची त्याची सवय जुनी आहे. १८४२ साली भडोचच्या कापसात सापडलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून गेलेल्या सरकीबरोबर तो इजिप्तला पोचला, इजिप्तच्या सरकीतून मेक्सिकोत, आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सासमध्ये आढळला. तिथल्या शेतकऱ्यांना त्याने शंभर वर्षं छळलं. शेवटी त्यांनी पऱ्हाटी ठरलेल्या तारखेला नष्ट करणं, बीटी कापूस, कामगंध वापरून नर-मादीची भेट चुकवणं आणि प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानातून सोडणं, हे सगळं एकत्र आणि गावंच्या गावं मिळून केलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारने गुलाबी बोंडअळी कापूस पट्ट्यातून संपली असं जाहीर केलं. आपल्याकडे विमानं नसतील, शेतं लहान आहेत, हे मला कळतं. पण ठरलेल्या तारखेला पऱ्हाटी काढायला विमान लागत नाही.

फरदडीबद्दल बोलायला हवं. डिसेंबरमध्ये शेवटची वेचणी झाली तरी ज्यांच्याकडे ओलीत आहे ते पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाड ठेवतात. दोन-चार क्विंटल जास्तीचा कापूस निघतो. लग्नकार्य, बँकेचा हप्ता, मुलांची फी, ही सगळी ओढ मला माहीत आहे, त्यामुळे फरदड घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या चार क्विंटलांसाठी एका वावरात जो पतंग जगतो तो पुढच्या हंगामात सगळ्या शिवाराचा होतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था पीक डिसेंबरअखेर संपवा असं वर्षानुवर्षं सांगते आहे. संपवण्याच्या सल्ल्यासोबत त्या वावरात हरभरा किंवा उन्हाळी पीक घ्यायला बियाण्याची मदत वेळेवर मिळाली तर फरदड आपोआप कमी होईल असं माझं मत आहे. शेवटच्या वेचणीनंतर मेंढ्या-बकऱ्या वावरात सोडणं हाही जुना आणि चांगला उपाय. त्या हिरवी बोंडं, पाती सगळं खाऊन घेतात. आमच्याकडे मेंढपाळांचे कळप येतात, त्यांना हाकलण्याऐवजी बोलावून बसवावं.

पऱ्हाटीच्या जळणाचं तसं सोपं नाही. ‘पऱ्हाटी घरी ठेवू नका’ असं पत्रकात लिहिलेलं असतं. ज्या बाईला सिलिंडर भरायला परवडत नाही, तिचा स्वयंपाक वर्षभर त्याच पऱ्हाटीवर होतो. तिला हे सांगायचं तरी कसं? आमच्या बचत गटातल्या बायांनी यातून एक वाट काढली आहे. पऱ्हाटी रचण्याआधी तिच्यावरची वाळकी बोंडं ओरबाडून घ्यायची आणि ती तिथल्या तिथे जाळून टाकायची. काड्या जळणाला राहतात, अळीचं घर जातं. वेळ लागतो, हात खरचटतात, पण जमतं. ज्यांना जळण नको त्यांच्यासाठी पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र ग्रामपंचायतीने भाड्याने आणावं, म्हणजे तो भुगा जमिनीलाच परत मिळेल.

पेरणीच्या तारखेबद्दलही पतंगाकडूनच शिकावं. पहिल्या पावसासोबत सुप्त अळ्यांतले बरेच पतंग बाहेर पडतात. तेव्हा शिवारात पात्या नसल्या तर अंडी घालायला त्यांना योग्य जागा मिळत नाही आणि ते एक-दोन आठवड्यांत मरून जातात. कापसाला पात्या लागायला साधारण दीड महिना लागतो. मे महिन्यात ओलितावर लावलेल्या कापसावर जुलैच्या सुरुवातीला त्या तयार असतात, म्हणजे या पतंगांसाठी पाट मांडूनच ठेवल्यासारखं. जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर लावलेल्या कापसावर त्या ऑगस्टच्या आसपास येतात, तोवर पहिली फळी संपलेली असते. म्हणून जूनच्या आत लावू नका हे सांगणं शेतकऱ्याच्या हिताचं आहे. मात्र एकट्याने पाळून उपयोग नाही, शेजारच्याने मेमध्ये लावला तर माझा जूनचा कापूस वाचत नाही.

जिनिंगवाल्यांनाही माझी विनंती आहे. हिंगणघाटचं नाव कापसाच्या व्यापारात फार जुनं. इथे आणि आसपास जिनिंग भरपूर आहेत. त्यांच्या आवारात कापसाची आवक सुरू झाल्यापासून पुढचा पावसाळा लागेपर्यंत कामगंध सापळे लागलेले असावेत, अशी शिफारस आहे. काही ठिकाणी ते लागतात, काही ठिकाणी लागत नाहीत. सापळे काही हजारांचे, आवारात पडलेली खराब सरकी आणि कवडीचा कचरा जाळायला एक मजूर. ज्या शेतकऱ्याच्या कापसावर हा धंदा चालतो त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं.

आता आपल्याकडे थेट मागणी. आपण रोज पावसाचे आकडे छापता, बाजार समित्यांचे भाव छापता. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा तालुकावार सापळ्यातल्या पतंगांचा आकडा छापा. कोणत्या मंडळात एका रात्री सापळ्यामागे किती पतंग पडले, एवढंच. आकडा चढतोय हे दिसलं की शेतकरी आपापला सापळा तपासेल, बोंडं फोडून पाहील, आणि आकडा खाली असताना भीतीपोटी होणारी फवारणी टळेल. त्या चौकटीत पतंगाचा फोटो त्याच्या खऱ्या मापात छापा, म्हणजे पेपर सापळ्याजवळ नेऊन पिशवीतला पतंग फोटोशेजारी ठेवून पाहता येईल. शेजारी अमेरिकन बोंडअळीचा पतंगही त्याच मापात असू द्या. मोठा करून छापलेला फोटो सुंदर दिसतो, पण त्यावरून ओळख पटत नाही.

आमच्या गावचा आकडा पाठवायची जबाबदारी आमचा बचत गट घेईल. सापळे लावलेले आहेत, ल्युअर बदलल्याची तारीख आम्ही खांबावर लिहून ठेवतो, आणि मोजणी सकाळी वावरात जाताना होते. आकडा कुणाला आणि कोणत्या वारी कळवायचा, तेवढं आपल्या कृषी पानावर छापावं.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी महिला
ता. हिंगणघाट, जि. वर्धा